जुन्या सन सर्व्हरवर काय टाकायचं: ओपनबीएसडी की नेटबीएसडी?

भंगारात निघालेला सन फायर व्ही120 वजनावर उचलून घरी आणणारा मी एकटाच येडा नाही हे कळल्यापासून जरा बरं वाटतंय. तर समजा तुमच्याकडेही तो 650 मेगाहर्ट्झचा अल्ट्रास्पार्कवाला (सनचा स्वतःचा प्रोसेसर) चपटा डबा आलाय, पंख्यांच्या आवाजावरून घरात एकदा बोलणी खाऊन झालीयेत, सिरीयल केबलवर ओके प्रॉम्प्ट (सनच्या फर्मवेअरचा) दिसलाय आणि गाडी आता कुठली ओएस टाकायची यावर अडलीय. मी यातून गेलोय, त्यामुळे माझं काय झालं ते सांगतो, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

आधी जे बाद झाले ते पटकन. सोलारिस 10 या मशीनवर अगदी घरच्यासारखं चालतं, झेडएफएस ही फाइल सिस्टीम आहे, सगळं ओळखतं. पण पॅचेस सपोर्ट काँट्रॅक्टशिवाय मिळत नाहीत, आणि त्यातलं जुनं एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) आजच्या लॅपटॉपशी बोलायलाच तयार होत नाही, प्रत्येक वेळी एसएसएच-आरएसए चालू करायचे ऑप्शन देत बसा. सोलारिस 11 या प्रोसेसरवर चढतच नाही. फ्रीबीएसडीने 13 पासून स्पार्क64 (याच प्रोसेसरसाठीची आवृत्ती) काढून टाकलं. डेबियनमध्ये अधिकृत स्पार्क व्हीझी या जुन्या व्हर्जनपर्यंतच होतं, आता जे स्पार्क64 आहे ते पोर्ट्समधलं, म्हणजे कायम सिड, सतत बदलणारी कच्ची आवृत्ती. रविवारी हात शिवशिवत असतील तर जरूर टाका, पण जे चालू करून विसरून जायचंय त्यावर मी तरी सिड टाकणार नाही.

राहिले दोन, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी, दोन्ही फुकट मिळणाऱ्या युनिक्ससारख्या ओएस. इन्स्टॉल करताना दोघांचा छळ सारखाच. सीडी ड्राइव्ह धड नसेल तर नेटवर्कवरून बूट करायचं: आरएआरपी (मशीनला आयपी सांगणारी सोय) लावा, टीएफटीपीवर (साधी फाइल पाठवणारी सोय) बूट फाइल ठेवा, आणि फाइलचं नाव म्हणजे मशीनचा आयपी हेक्समध्ये, 192.168.1.10 असेल तर सी0ए8010ए. यात एक अक्षर चुकलं की मशीन नुसतं बघत बसतं, कुठे चुकलं ते सांगत नाही. एकदा जमलं की दोन्हीकडे कामाला येतं, त्यामुळे यावरून काही ठरत नाही.

पहिलं वर्ष मी ओपनबीएसडी चालवलं आणि खरं सांगायचं तर मन लागलं होतं. स्पार्क64 ला तिथे मान आहे, बिग एंडियन (आकड्यातला मोठा बाइट आधी ठेवणारं) आणि अलाइनमेंटला (डेटा मेमरीत कुठून सुरू होतो त्याला) कडक असल्यामुळे कोडमधल्या चुका या मशीनवर उघड्या पडतात म्हणून डेव्हलपर लोक ते मुद्दाम जपतात. दर सहा महिन्यांनी रिलीज, सिसअपग्रेड मारलं की चहा होईपर्यंत (बरं, दोन चहा) नवीन व्हर्जन, तयार पॅकेजेस भरपूर, आणि मॅन पेज इतकी नीट की गूगल करावंच लागत नाही. कुरबुरी होत्या पण किरकोळ. सिसपॅच (तयार पॅच लावणारी कमांड) स्पार्क64 ला मिळत नाही, म्हणजे मधल्या काळातले पॅच सोर्समधून बांधायचे, ते पण त्याच 650 मेगाहर्ट्झवर. दर बूटला लायब्ररी नव्याने लिंक होतात त्यात जीव जातो, पण ते लायब्ररी_एएसएलआर ला नो म्हटलं की बंद होतं. एवढ्यावर कोणी ओएस बदलत नाही.

बदललं ते एका गुरुवारी. पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. मी नागपूरला लग्नाला, इकडे लाइट गेली, इन्व्हर्टरने भार घेईपर्यंत मशीन एकदा बसलं आणि परत उठलं. घरातलं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावाचा पत्ता शोधून देणारं, त्याच्यावर (हा माझा शहाणपणा), त्यामुळे बाबांचा फोन, नेट गेलंय. राउटर चालू, दिवे हिरवे, मग माझ्या लक्षात आलं. व्ही120 चं लॉम (मशीन बंद-चालू करायची, सांभाळायची सोय) फक्त सिरीयलवर, नेटवर्कवरून आत शिरायची सोय नाही, आणि असती तरी माझा बाहेरून यायचा रस्ता त्याच मशीनमधून जात होता. बाबांना म्हटलं कपाटावरचा जुना लॅपटॉप उघडा, केबल लावलेलीच आहे, स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा. बाबा म्हणाले, "इथं ऑटोमॅटिक काहीतरी फेल लिहिलंय, आणि पुढं हेल्प, उद्गारचिन्ह. कोणाला म्हणतोय हा हेल्प?"

मला म्हणत होता. बाबा, एंटर दाबा. आता एफ एस सी के, स्पेस, मायनस वाय. नाही, मधे स्पेस नाही, बाबा मायनस आणि वाय चिकटून. इकडे मागे सनई, तिकडे बाबा एका बोटाने. मग 73 जीबीची डिस्क तपासून होईपर्यंत आईचे पोहे होऊन खाऊन झाले, असं नंतर कळलं.

यात ओपनबीएसडीची चूक आहे असं मी म्हणणार नाही. फाइल सिस्टीमबद्दल खात्री नसेल तर गुपचूप पुढे जाण्यापेक्षा माणसाला विचारावं हे बरोबरच आहे. पण त्याच्या एफएफएस या फाइल सिस्टीमला जर्नलिंग (बदल आधी नोंदवून ठेवणं) नाही, आधी सॉफ्टडेप (डिस्कवर लिहायचा क्रम सांभाळणारी सोय) तरी होतं, 7.4 पासून तेही नुसतं नावाला उरलं. म्हणजे लाइट गेली की पूर्ण एफएससीके (डिस्कची तपासणी) आलंच, आणि दहातल्या एखाद्या वेळी ते कोणाची तरी वाट बघत थांबणार.

नेटबीएसडीमध्ये 2009 च्या 5.0 पासून डब्ल्यूएपीबीएल, म्हणजे जर्नलिंग, आहे. एफएसटॅबमध्ये (पार्टिशनची यादी असलेली फाइल) त्या पार्टिशनच्या ओळीला लॉग एवढा एक शब्द लावायचा, बस. त्यानंतर माझ्याकडे किती वेळा लाइट गेली ते मोजलं नाही, पण दर वेळी मशीन स्वतः उठलं, जर्नल फिरवलं आणि मला दुसऱ्या दिवशी अपटाइम बघून कळलं. आता हे जर्नल फक्त मेटाडेटाचं आहे हे लक्षात ठेवा, त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहू शकते, आणि वीस वर्षं जुनी स्कझी डिस्क मेलीच तर कुठलाच लॉग कामाचा नाही. बॅकअप घ्याच.

कोणी म्हणेल सरळ यूपीएस घे. घेतला होता. त्याची बॅटरी मेली हे लाइट गेल्यावरच कळलं, बॅटरी मेल्याचं तसंच कळतं. आता इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला आहे, तरी अधूनमधून झटका बसतोच.

नेटबीएसडी फुकटात सुख देतं असंही नाही. स्पार्क64 ची तयार पॅकेजेस हाताला लागतील याचा भरवसा नाही, तुमच्या व्हर्जनचं असलं तर नशीब, नाहीतर पीकेजीएसआरसीमधून (नेटबीएसडीचा सोर्स पॅकेजेसचा संच) बांधा आणि पर्लसाठी रात्रभर पंखे ऐका. उलट बेस सिस्टीम मात्र बिल्ड डॉट एसएच या स्क्रिप्टमुळे लॅपटॉपवर लिनक्समध्येच क्रॉस-कंपाइल होते, अख्खं रिलीज, आणि हे इतकं सरळ चालतं की पहिल्यांदा मला काहीतरी राहून गेलं असं वाटलं. ओपनबीएसडीत सगळं त्या बिचाऱ्या मशीनवरच बांधायचं. डॉक्युमेंटेशन दोघांचं चांगलं, ओपनबीएसडीचं उजवं. पीएफसाठी (ओपनबीएसडीचा पॅकेट फिल्टर) फायरवॉल करायचा असेल तर माझं बोलणं सोडा आणि ओपनबीएसडी टाका. मशीन एखाद्या रॅकमध्ये, चांगल्या पॉवरवर, जवळ माणूस असलेल्या जागी असेल तरीही बहुधा तेच सांगेन.

पण घरी असेल आणि तुम्ही अधूनमधून गावाला जात असाल, तर मी तरी नेटबीएसडी टाकेन. फक्त इन्स्टॉल झाल्यावर एकदा माउंट कमांड मारून प्रत्येक पार्टिशनपुढे लॉग लिहून येतंय ना ते बघा, मी व्हारला लावायचं विसरलो होतो. आणि घरातला दुसरा डीएनएस राउटरवर ठेवा. मी ठेवलाय. बाबा तरीही नेट गेलं की आधी मला विचारतात, तुझं ते सनचं उठलंय का.