लग्नसराईच्या यादीत गाणं ठेवायचं की काढायचं: कोणत्या चार्टचं ऐकावं?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्या बॅण्डच्या तालमीत दरवर्षी तोच वाद होतो. गेल्या हंगामातली कुठली गाणी ठेवायची, कुठली काढायची? क्लॅरिनेटवाला म्हणतो, "गानं उतरी गयं भो." ढोलवाला मोबाईल पुढे करून दाखवतो की ते अजून पहिल्या पन्नासात आहे. पण काही चार्टांवरून, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीवरून, गाणं आपसूक उतरतं आणि काहींवरून ते उतरवलं जातं. हा फरक कळल्याशिवाय यादीला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

उतरवण्यात सगळ्यात कडक अमेरिकेचा बिलबोर्ड हॉट १००. १९५८ पासून चालू असलेला हा चार्ट आज स्ट्रीमिंग (इंटरनेटवर गाणं ऐकणं), रेडिओ आणि विक्री एकत्र मोजतो. २० आठवडे झालेलं गाणं ५० च्या खाली घसरलं की बाहेर, हा जुना नियम आजही आहे. पूर्वी ५२ आठवड्यांनंतर २५ च्या खाली गेलेलं गाणं काढायचे. ऑक्टोबर २०२५ पासून त्यासाठी २६ आठवडेच पुरतात. ५२ नंतर १० च्या खाली आणि ७८ नंतर ५ च्या खाली गेलं तरी निरोप. अमेरिकन गायक टेडी स्विम्सचं ११२ आठवडे टिकलेलं गाणं याच बदलात गेलं. लोकांनी ते ऐकणं सोडलं नव्हतं, नव्या गाण्यांना जागा हवी होती. म्हणून 'बिलबोर्डवरून गेलं' हे गाणं काढण्याचं कारण मी कधीच धरणार नाही.

ब्रिटनची पद्धत मला जास्त न्यायाची वाटते. तिथे पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री, फुकट ऐकणाऱ्यांचे ६००. गाण्याला किमान दहा आठवडे झाले आणि सलग तीन आठवडे घसरण झाली, की हेच आकडे २०० आणि १२०० होतात. म्हणजे गाणं हाकलत नाहीत, त्याचं वजन निम्मं करतात. २०१७ पासून ही रीत आहे.

स्पॉटिफाय आणि यूट्यूबच्या चार्टांवर असं वयाचं बंधन नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक नोंद, आणि यादी रोज बदलते. शहरातल्या पोरांचा कल त्यात लवकर दिसतो, पण अहिराणी गाण्यांसाठी मी यूट्यूबच बघेन. धुळे, नंदुरबार, जळगावकडचं नवं गाणं आधी तिथेच येतं. यूट्यूबच्या साप्ताहिक यादीत मूळ व्हिडिओबरोबर ते गाणं वापरून लोकांनी केलेले व्हिडिओही धरतात, जाहिरातीचे पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज धरत नाहीत. अडचण इतकीच की देशभराच्या यादीत अहिराणी गाणं हिंदी-पंजाबीपुढे झाकलं जातं. तेव्हा क्रमांक बघू नका, त्या गाण्याचे व्ह्यूज दर शुक्रवारी वहीत लिहा.

आणि त्या वहीला ब्रिटनचा नियम लावा. दहा आठवडे होण्याआधी कुठलंच गाणं काढायचं नाही. त्यानंतर सलग तीन आठवडे वाढ कमी होत गेली, तर ते वरातीच्या सुरुवातीला एकदा वाजवायचं. नवरदेव मांडवाच्या दारात पोचतो तेव्हाची जागा नव्या गाण्याला. डीजेवाल्याला हे इतकं बघावं लागत नाही, त्याला गाणं बदलायला क्षण पुरतो. आपल्याला एकेक गाणं बसवायला तालमी लागतात, म्हणून घाईने काढलेलं गाणं महागात पडतं.

सणाची गाणी या हिशोबात अजिबात धरू नका. अमेरिकन गायिका मरायाह कॅरीचं १९९४ मधलं नाताळचं गाणं बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर पोचलं ते २०१९ च्या डिसेंबरात. आपल्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (खानदेशातली देवी) बसते, तेव्हा वर्षभर कोणी न मागितलेलं गाणं घरोघरी लागतं. ती पानं वहीत वेगळी ठेवा.