नोकरी सांभाळून हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए: वर्षभरानंतर काय वाटतं

मी मुंबईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात वॉर्ड इन्चार्ज आहे. शनिवार-रविवारच्या एमबीएचं पहिलं वर्ष आता संपलं. ओळखीच्या सिस्टर आणि दोन-तीन तरुण डॉक्टर सारखे विचारतात, एवढे पैसे घालायचे का? माझं मत असं की हातात वॉर्ड किंवा एखादं डिपार्टमेंट असेल तर जरूर घाला. नसेल तर आधी एक-दोन वर्षं हॉस्पिटलात काढा.

सगळ्यात उपयोगी पडला तो ऑपरेशन्सचा पेपर. असाइनमेंट होती की रोजच्या कामातली एक प्रक्रिया घ्यायची आणि प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदवायची. मी पेशंटच्या डिस्चार्जची प्रक्रिया निवडली. सकाळच्या राउंडला सर म्हणतात, "आज सोडा." नातेवाईक लगेच पिशव्या भरून बसतात. आरएमओ, म्हणजे वॉर्डचा निवासी डॉक्टर, ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेला, त्यामुळे डिस्चार्ज समरी (उपचारांचा सारांश) दुपारी. उरलेली औषधं फार्मसीत परत जायची, मग क्लिअरन्स. त्यानंतर फाइल काउंटरवरच्या ट्रेमध्ये, कारण वॉर्डबॉय मामा चार-पाच फायली जमल्या की एकदमच खाली बिलिंगला नेतात. विमा कंपनीकडून बिल मंजूर करून घेणाऱ्या टीपीए डेस्कचा नंबर त्याच्याही नंतर.

वॉर्डात सगळे विमा कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस बिलाची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी, पण हे तास हॉस्पिटलची विनंती पोचल्यावर सुरू होतात. माझ्या तक्त्यात त्याआधीचाच वेळ जास्त निघाला. त्यातही बराचसा वेळ फाइल नुसती पडून होती. मग आम्ही औषधं आदल्या संध्याकाळीच परत करायला लागलो, समरीचा मसुदा रात्रपाळीचा आरएमओ करून ठेवतो, आणि फाइल तयार झाली की एकटी असली तरी खाली जाते. कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर थांबलेल्या पेशंटला आता पुष्कळदा दुपारच्या जेवणाआधी बेड मिळतो. माझ्यासाठी फी तिथेच वसूल झाली.

यामागचं गणितही वर्गात नीट शिकवलं. 100 बेडपैकी 80 भरलेले आणि सरासरी मुक्काम 4 दिवस असेल, तर रोज 20 पेशंट दाखल करता येतात. मुक्काम साडेतीन दिवसांवर आला की तोच आकडा 23 च्या जवळ जातो, एकही बेड न वाढवता. मुंबईत नवा मजला चढवणं किती अवघड आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

फायनान्सची मला धास्ती होती, पण आता मी ताळेबंद वाचते. धर्मादाय रुग्णालयांना 2006 च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलिंगच्या 2 टक्के रक्कम आयपीएफ, म्हणजे निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात जाते. नर्सिंगच्या बैठकीत हा विषय कधी निघत नसे, तो समाजसेवा विभागाचा मानला जायचा. आता मी महिन्याच्या मीटिंगला आयपीएफची शिल्लक विचारते, आणि गरजू पेशंटचे कागद भरतीच्या दिवशीच मार्गी लावायचा आग्रह धरते. डिस्चार्जच्या वेळी रेशनकार्ड आणायला घरी पळणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

आता खटकलेल्या गोष्टी. मार्केटिंगचं सत्र साबण आणि गाड्यांच्या उदाहरणांत गेलं. बऱ्याच केस स्टडी अमेरिकेतल्या, तिथल्या विमा पद्धतीवर उभ्या. आपल्याकडे अजूनही कितीतरी लोक दागिने मोडून बिल भरतात, त्याबद्दल फार थोडं बोललं गेलं. अपवाद मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा. 1976 मध्ये डॉ. वेंकटस्वामी यांनी 11 खाटांवर सुरू केलेलं हे काम पैसे भरणाऱ्या पेशंटच्या जोरावर गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया कसं करतं, यावर वर्ग तासभर भांडत होता. असे तास आणखी हवे होते. क्वालिटीचा ऐच्छिक विषय माहितीपत्रकात होता, पण विद्यार्थी कमी म्हणून उघडलाच नाही. याचा मला अजून राग आहे.

पदवीमुळे मोठे डॉक्टर ऐकतील, असं धरून चालू नका. ते आकडे ऐकतात, तेही त्यांच्याच पेशंटचे असतील तर. पगार लगेच वाढत नाही, माझा वाढलेला नाही. आणि डोंबिवलीहून रविवारी मेगाब्लॉकमध्ये वर्ग गाठणं, तेही रात्रपाळी करून, अंग मोडतं. प्रवेशाआधीच मेट्रन मॅडमशी रोस्टरचं बोलून घ्या. माझ्या मॅडमनी शनिवारची रात्र सोडवली नसती तर पहिल्याच सत्रात सुटलं असतं.

नोकरी सोडणं परवडत असेल तर देवनारच्या टिसमधला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) दोन वर्षांचा पूर्णवेळ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनचा अभ्यासक्रम आधी बघा. अर्धवेळच करायचं असेल तर फी भरण्यापूर्वी विचारा की शिकवणाऱ्यांपैकी हॉस्पिटल चालवलेलं कोण आहे, गेल्या वर्षी कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्ष चालले, आणि प्रोजेक्ट स्वतःच्या हॉस्पिटलात करता येतो का. तिसऱ्याचं उत्तर नाही आलं, तर मी तिथे प्रवेश घेणार नाही.