दोन दिवसांचा लीड क्लाइंबिंग वर्ग: शिकवण्याला पैकीच्या पैकी, सामानाला काठावर पास

पन्हाळा ते पावनखिंड चार वेळा केलंय, त्यामुळं आपल्याला डोंगर कळतो असा माझा समज होता. पुतणीनं परस्पर या वर्गाचे दोघांचे पैसे भरले (माणशी २,५०० रुपये), म्हणून गेलो. लीड क्लाइंबिंग म्हणजे दोर वरनं बांधलेला नसतो; चढता चढता भिंतीतल्या बोल्टांवर आपणच तो अडकवत जायचा. कोल्हापुरातनं गाडीवर अर्ध्या तासावर, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ३५ फुटांची भिंत आहे. बॅचला आठ जण, शिकवायला दोघं. टॉप रोप (दोर आधीच वरनं सोडलेला असतो, तसं चढणं) येत असेल तरच घेतात आणि ते योग्यच आहे. तिथं सगळे दोराला 'रोप' म्हणतात. आमच्याकडं रोप म्हणजे भाताचं, त्यामुळं मी दोरच म्हणणार.

पहिल्या दिवशी जेवणापर्यंत भिंतीला हात लावू दिला नाही. छातीच्या उंचीवर एक क्विकड्रॉ टांगलेला (पट्टीनं जोडलेले दोन कॅराबिनर, म्हणजे झडपेच्या कड्या; एक बोल्टला, दुसऱ्यात दोर), हातात दोराचा तुकडा, आणि करा क्लिप. उजव्या हातानं पन्नास, डाव्यानं पन्नास, मग गेटचं, म्हणजे कडीच्या झडपेचं, तोंड फिरवून परत तेवढंच. गेट अंगठ्याच्या बाजूला आलं तर मधलं बोट कॅराबिनरच्या खालच्या बाकात अडकवून तो हलू द्यायचा नाही आणि दोर अंगठ्यानं आत ढकलायचा. गेट बोटांच्या बाजूला आलं तर अंगठा कॅराबिनरच्या पाठीला लावायचा, दोर बोटांवर घ्यायचा आणि मूठ मिटायची. 'टक्' असा आवाज आला की झालं. शिरोलीत आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोराला आठवडाभर व्हर्निअरच (माप घ्यायचं साधन) धरायला लावतात, त्याची आठवण झाली. कंटाळा आला, पण दुपारी भिंतीवर पाय लटपटत असताना हात आपोआप चालला. पैसे तिथंच वसूल.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे खडूनं फरशीवर काढलेला हिशेब. आपल्या भिंतीवर दुसरा बोल्ट १२ फुटांवर, तिसरा १७ वर. तिसरा कमरेशी आल्यावर क्लिप करायला गेलात आणि सुटलात, तर कंबर दुसऱ्या बोल्टच्या ५ फूट खाली, म्हणजे जमिनीपासून ७ फुटांवर थांबते. तोच बोल्ट हात ताणून, कमरेच्या अडीच फूट वर असताना क्लिप करायला गेलात, तर तेवढा दोर जास्तीचा ओढलेला असतो. कंबर साडेचार फुटांवर येते. कमरेखाली पाय तीन फूट. उरला दीड फूट, आणि त्यात दोर ताणणार, बिलेयरची (खालनं दोर धरणाऱ्याची) ढील असणार. म्हणजे थेट जमीन. मी इतकी वर्षं मिलिमीटरमध्ये काम करतोय, पण दीड फुटाला एवढा कधी घाबरलो नव्हतो. उंच क्लिप केलं की लवकर सुरक्षित झालो असं वाटतं, ते निदान खालच्या बोल्टांवर साफ खोटं आहे.

बॅक क्लिप मी दोनदा केलं. दोर भिंतीकडून कॅराबिनरमध्ये शिरून आपल्या अंगाकडं बाहेर यायला हवा. उलटा गेला तर पडताना गेटवर आडवा येऊन निसटू शकतो. शिकवणारी मुलगी पुतणीच्या वयाची, पण खालनं आवाज असा की तालमीतल्या वस्तादाची आठवण यावी: "काका, दोर कुठनं आलाय बघा की!" पुतणीनं झेड क्लिप केलं. पहिले दोन बोल्ट जवळजवळ आहेत, तिनं घाईत खालच्या क्विकड्रॉच्याही खालचा दोर उचलून वर लावला. मग दोर ओढेना, आणि ही म्हणते बिलेयरच सोडत नाही. त्यावर उपाय एकच सांगितला: हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) गाठीला हात लावायचा आणि तिथनं वर सरकवत दोर घ्यायचा. तेव्हापासून ती दर वेळी गाठीला नमस्कार केल्यासारखा हात लावते.

आता तक्रारी. दोर पायामागं जाऊ द्यायचा नाही, हे एका वाक्यात उरकलं. दुसऱ्या दिवशी उजवीकडं सरकताना दोर माझ्या पोटरीमागं गेला, मला कळलंच नाही, खालनंही कुणी बोललं नाही. सुटलो तो उलटा. हेल्मेट भिंतीवर आपटलं, गुडघ्यामागं दोराचा वळ आठवडाभर होता. हेल्मेट सक्तीचं आहे म्हणून हे लिहितोय. ही गोष्ट जमिनीवर, चार फुटांवर, प्रत्येकाला करून दाखवायला हवी.

दुसरी तक्रार सामानाची. क्विकड्रॉच्या दोराकडच्या कॅराबिनरवरनं बोट फिरवलं आणि नख अडकलं. शॉपफ्लोअरवर आम्ही जिला बर म्हणतो, म्हणजे धातूची उभी राहिलेली धारदार कड, ती होती. अ‍ॅल्युमिनियमवर बोल्टची पट्टी घासून घासून असे चरे पडतात, म्हणून बोल्टकडचं तोंड कायम बोल्टकडंच ठेवायचं असतं. दोराकडच्या तोंडाला रबर असतो तो ओळखायला उपयोगी पडतो. इथं कुणीतरी अदलाबदल केली होती. अशा कडेवर दोर ताणून घासला की त्याचं वरचं वेष्टण सोलतं. दाखवल्यावर तो क्विकड्रॉ लगेच बाजूला ठेवला, वादही घातला नाही. पण बाकीची पिशवी तपासली ती दुपारी, मी दुसऱ्यांदा विचारल्यावर. आणखी दोन निघाले. जाणार असाल तर सकाळीच सगळ्या कॅराबिनरवरनं नख फिरवा, लाजू नका.

पोह्यांत शेंगदाणे नव्हते, चहा बरा.

पुतणी थंडीत बदामीला जायचं म्हणतेय. त्याआधी मला पडायचा सराव हवाय, म्हणून फोन केला. नुसता फॉलचा वर्ग घेत नाही म्हणाले, पाच जण जमले तर बघू. आम्ही दोघं आहोत, तीन पाहिजेत.