टॉर्चच्या आट्यांना कुठलं ग्रीस? दोन पावसाळे वापरून सांगते

मी साप पकडते. नागपूरच्या बेसा, हुडकेश्वर, मनीषनगर या पट्ट्यातून पावसाळ्यात रात्री-बेरात्री फोन येतात. मण्यार काळीभोर आणि रात्रीच फिरणारी, विटांच्या ढिगात ती आधी दिसायला हवी, चिमट्याचं काम नंतरचं. म्हणून टॉर्चच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, आणि टॉर्चला लावायच्या ग्रीसवर एवढं लांबलचक लिहायला बसले त्याचं कारणही तेच.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका बांधकामावर विटांमागे मण्यार होती. धो-धो पाऊस. मी वाकले आणि उजेड लुकलुकायला लागला. टॉर्च तळहातावर आपटली की यायचा, परत जायचा. मी दोन पावलं मागं सरले आणि चौकीदाराला म्हटलं, "दादा, मोबाइलचा लाइट धरा, पण जागचे हलू नका." त्या बिचाऱ्यानं हात थरथरत असताना लाइट धरला. साप सुखरूप बरणीत गेला, पण घरी येईपर्यंत माझं अंग गार होतं.

टॉर्च उघडली. आट्यांमध्ये करडा-काळा चिखल झाला होता आणि पाणी अडवणारी गोल रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, फुगून खाचेबाहेर आली होती. चूक माझीच. मूळ रिंग तुटल्यावर नळाच्या सामानातली एक काळी रिंग बसवली होती आणि उन्हाळाभर तिला पेट्रोलियम जेली चोळत होते. पाण्याच्या फिटिंगमध्ये बऱ्याचदा ईपीडीएम नावाचं रबर असतं. पाण्याला ते उत्तम, पण पेट्रोलियमचं काहीही लागलं की फुगतं. टॉर्चमध्ये बहुधा नायट्रिल रबराची रिंग येते, तिला पेट्रोलियम चालतं. दोन्ही दिसायला सारख्याच काळ्या. शिवाय पेट्रोलियम जेली 40 ते 60 अंशांच्या दरम्यान वितळते. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती टिकेल कशी? वितळून खाली स्विचपर्यंत उतरली होती.

त्यानंतर बरंच काही करून पाहिलं. शिलाई मशीनचं तेल आठवड्यात ओघळून जातं. खोबरेल तर अजिबात नको, 24 अंशांच्या खाली ते थिजतं आणि डिसेंबरच्या पहाटे टॉर्चचं टोपण फिरतच नाही. गंज सोडवायचा स्प्रे जुनं ग्रीस धुऊन काढतो आणि मागं नावापुरता थर ठेवतो. गॅरेजमधलं पिवळं ग्रीस नायट्रिलला चालतं, पण धूळ धरतं. धूळ आणि ग्रीस एकत्र आलं की पॉलिश पेपरसारखं काम होतं, अ‍ॅल्युमिनियम खरवडून निघतं. तो करडा चिखल म्हणजे तेच.

आता माझ्याकडे दोन ट्यूब आहेत.

पहिली सिलिकॉन ग्रीसची. आरओ दुरुस्त करणारे फिल्टरच्या रिंगांना लावतात तेच पांढुरकं, पारदर्शक ग्रीस. इतवारीत लोहाओळीकडे फिरताना आरओच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळालं. दुकानातले काका म्हणाले, "बाई, हे चुडीसाठी नाही, रबरासाठी आहे." चुडी म्हणजे आटे. त्यांच्या या एका वाक्यानं माझं अर्धं काम झालं. हे ग्रीस रबरावर सुरेख चालतं. उन्हात वितळत नाही, थंडीत घट्ट होत नाही, पाण्यानं धुऊन जात नाही. पण धातूवर धातू घासतो तिथं ते फारसं कामाचं नाही, आटे काही दिवसांनी परत कुरकुरतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: रिंगच सिलिकॉन रबराची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती तेल शोषून फुगते. मी हौसेनं लाल रिंगा मागवल्या होत्या. महिनाभरात त्या सैल झाल्या आणि टोपण आवळताना गुंडाळून बाहेर यायला लागल्या. आता साध्या काळ्या नायट्रिलच्याच वापरते, माझ्या टॉर्चला 20 मिलिमीटर आतला व्यास आणि 1 मिलिमीटर जाडी लागते.

दुसरी ट्यूब सुपर ल्यूबची, पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) घातलेलं सिंथेटिक ग्रीस. आट्यांसाठी हेच. पहिल्यांदा लावून टोपण फिरवलं तेव्हा लोण्यातून सुरी फिरावी तसं वाटलं, आणि दोन महिन्यांनी उघडलं तेव्हा ग्रीस पांढरंच होतं. नायट्रिलच्या रिंगेलाही ते चालतं, म्हणजे एकच ट्यूब घ्यायची असेल तर हीच घ्या. क्रायटॉक्ससारखं ग्रीस जवळपास सगळ्या रबरांना चालतं, पण त्याची किंमत ऐकून मी परत ठेवलं.

लावायचं किती? आट्यांना आणि रिंगेला मिळून मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. आधी जुन्या बनियनच्या कापडानं आटे पुसायचे, खाचा टूथब्रशनं, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. रिंग सुईनं काढू नका, ओरखडा पडला की पाणी तिथूनच शिरतं. मी टूथपिक वापरते. पाणी अडवते ती दाबली गेलेली रिंग. ग्रीसचं काम एवढंच की ती आवळताना पीळ न घेता सरकावी. त्यामुळे थापून लावण्यात काही अर्थ नाही.

आणि नळीचं उघडं, चकचकीत टोक कोरडं ठेवा. बहुतेक टॉर्चमध्ये करंट परत जातो तो याच नळीतून. माझी टॉर्च पूर्ण उजेडावर अडीच-तीन अँपिअर ओढते. तिथं ग्रीस किंवा तो करडा चिखल बसला की उजेड लुकलुकतो. त्या रात्रीही हेच झालं होतं.

चिमट्याच्या खिळीला यातलं काहीच लावत नाही. तिथं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, जाड ग्रीसनं पकड सुस्तावते. टॉर्चच्या मागच्या रबरी बटणाच्या कडेला मात्र सिलिकॉनचा पातळ हात फिरवते, नाहीतर दोन उन्हाळ्यांत ते भेगाळतं.

सिलिकॉनच्या ट्यूबला पाचपैकी चार, आट्यांना उपयोग नाही म्हणून एक कापला. सुपर ल्यूबला पाच. दोन पावसाळ्यांत टॉर्च एकदाही विझली नाही. गेल्या महिन्यात एका विहिरीच्या काठावर ती हातातून सुटून गुडघाभर पाण्यात पडली. बाहेर काढली तेव्हाही चालूच होती.