डावीकडून संकासूर, उजवीकडून विष्णू: दोन स्पीकर, दोन आवाज आणि चार मार्ग

चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेअकराला आमच्या घरच्या देखाव्यातला विष्णू गडगडाटी हसला आणि म्हणाला, "वेद पळवले, आता कर काय करतोस ते!" माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, कवंडळाची फळं बांधता बांधता काकी थांबली. "अरे, राक्षसाचो आवाज देवाच्या तोंडात घातलंस मरे!"

प्रोग्रॅम बरोबर होता. मी 'डावा' म्हणताना बघणाऱ्याचा डावा धरला होता आणि स्पीकर लावणाऱ्या पुतण्याने मूर्तीचा. वायरी उलटसुलट केल्या आणि देव देवाच्या आवाजात बोलू लागला. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात दशावतारी देखावा करणारे आम्ही एकटे नाही, त्यामुळे दरवर्षी श्रावणात कोणी ना कोणी विचारतोच: डाव्या स्पीकरमधून एक आणि उजव्यातून दुसरा आवाज काढायचा तर काय वापरू? चार मार्ग मी स्वतः करून पाहिले आहेत. कुठलाही निवडण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा, कारण तिच्यावर सगळं अडतं.

मंडपवाल्याकडून आणलेला अँप्लिफायर बहुधा मोनो असतो. भजनाचा, भाषणाचा आवाज लांबवर पोचवायला बनवलेलं ते यंत्र. डावं-उजवं ते एकत्र कालवून सगळ्या भोंग्यांना सारखंच वाढतं. एकट्या ब्लूटूथ स्पीकरचंही तेच. फोनमध्येसुद्धा सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाचं बटण असतं, ते चुकून चालू राहिलं की झालं. मी एकदा बाजारातून 'स्टिरिओ' छापलेलं अँप्लिफायरचं किट आणलं. दोन संध्याकाळी प्रोग्रॅम उकरला आणि शेवटी उघडून पाहिलं तर आत दोन्ही इनपुट एकाच ठिकाणी झाळलेले. तेव्हापासून माझ्याकडे सहा सेकंदांची एक फाइल कायम असते: डाव्या बाजूला माझा आवाज 'डावा', मग उजव्या बाजूला 'उजवा'. आधी ती वाजवायची, मग बाकीचं.

पहिला मार्ग: वेगळेपणा फाइलमध्येच

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये संकासुराचं रेकॉर्डिंग एका मोनो ट्रॅकवर आणि विष्णूचं दुसऱ्यावर घ्यायचं. एकाचा पॅन (आवाज कुठल्या बाजूला जाईल ते ठरवणारी पट्टी) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे, आणि स्टिरिओ वेव्ह फाइल काढायची. बस्स. जुना फोन, पेनड्राइव्हवाला प्लेअर, काहीही ती वाजवतं.

या मार्गाचं बळ फाइलच्या पोटात आहे. स्टिरिओ वेव्हमध्ये आवाजाच्या मोजमापाचे आकडे, म्हणजे नमुने, एकाआड एक बसलेले असतात: एक डावा, एक उजवा, पुन्हा डावा, पुन्हा उजवा, सेकंदाला ४४,१०० जोड्या. त्यामुळे बारा तास वाजवलं तरी दोघांच्या बोलण्यात केसभर अंतर पडत नाही. १६ बिटच्या हिशेबाने सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे बारा मिनिटांचा संवाद सुमारे १२७ एमबी. आजच्या कार्डाला ते काहीच नाही, तेव्हा जागा वाचवायला एमपी३ करू नका. एमपी३ करताना सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता चिकटते आणि फाइल पुन्हा पुन्हा फिरवली की दर फेरीला पखवाजाचा ठेका अडखळतो.

ऑडॅसिटीऐवजी एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमच्या ए-मर्ज फिल्टरने एका आज्ञेत दोन फाइली जोडता येतात. फक्त दोघांपैकी जी फाइल आखूड, तिथेच जोडलेला आवाज थांबतो. आमच्या संकासुराची शेवटची किंकाळी अशीच गेली. आखूड फाइलच्या शेवटी शांतता जोडून दोन्ही समान करा.

उणीव एकच, पण मोठी: मूर्तीसमोर कोणी असो वा नसो, संवाद चालूच. एक वाक्य बदलायचं तर फाइल पुन्हा काढा.

दुसरा मार्ग: ब्राउझर

मुंबईहून आलेल्या चाकरमान्याकडे लॅपटॉप असतोच, आणि आवाज हाताळायची वेब ऑडिओ ही सोय त्यातल्या ब्राउझरमध्ये आयता मिळतो. स्टिरिओ पॅनर नावाच्या घटकाला उणे १ दिलं की आवाज पूर्ण डावीकडे, १ दिलं की उजवीकडे, ० दिलं की मधोमध. मधोमध असताना दोन्ही बाजूंना ०.७०७ पटीने जातो, म्हणून आवाज फिरवताना मध्येच चढल्यासारखा वाटत नाही. नारदाला डावीकडून उजवीकडे चालत न्यायचं असेल तर चारही मार्गांत हा सगळ्यात सोपा. वेळही पक्की सांगता येते: ऑडिओच्या स्वतःच्या घड्याळावर 'इतक्या सेकंदाला सुरू हो' असं बजावलं की तो तेव्हाच सुरू होतो.

दोन गोष्टी खटकतात. फाइलवर नुसतं डबल-क्लिक करून पान उघडलं तर क्रोम शेजारची ध्वनिफाइल वाचू देत नाही. लॅपटॉपवर छोटा स्थानिक सर्व्हर चालवावा लागतो. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. कोणीतरी क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करत नाही. नवख्याला वाटतं कोड चुकला. क्रोम सुरू करतानाच ही अट उठवता येते, पण ती सोय आठवणीने करून ठेवावी लागते. भाद्रपदातला पाऊस, त्यात वीज गेली, बॅटरी संपली, वीज आली आणि घरातले सगळे आरतीला दुसऱ्या वाडीत गेलेले. मग क्लिक कोण करणार?

तिसरा मार्ग: पायथन

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवायची. इथे दोन वाटा फुटतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पायगेम या पायथनच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) प्रत्येक चॅनेलला, म्हणजे एका वेळी एक ध्वनी वाजवणाऱ्या खणाला, डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज वेगळा देता येतो: १ आणि ०, किंवा ० आणि १. बटण दाबलं की संवाद, दुसरं दाबलं की गाऱ्हाणं, अशा कामाला हे उत्तम. पण नवा ध्वनी सुरू झाला की चॅनेलची ही पातळी मूळपदावर येते. मी आधी पातळी ठरवून मग वाजवत होतो, आणि संकासूर मधूनच दोन्हीकडून बोलायचा. क्रम उलटा हवा: आधी वाजव, लगेच पातळी दे, आणि हे दर वेळी.

साउंडडिव्हाइस ही दुसरी लायब्ररी. त्यात 'हा आवाज दुसऱ्या चॅनेलवर' असं थेट सांगता येतं. मोजणी १ पासून, म्हणजे डावा १, उजवा २. मात्र साधा 'प्ले' दुसऱ्यांदा बोलावला की पहिला आवाज बंद पडतो. देव आणि दैत्य एकदम बोलणार असतील तर नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत दोन स्तंभांचा तक्ता करा, पहिल्यात डावा, दुसऱ्यात उजवा, आणि तो एकदाच वाजवा. नीट पाहिलंत तर हा पहिल्या मार्गाचाच प्रोग्रॅममधला अवतार आहे. आवाज तिथल्या तिथे घडवायचा असेल तर साउंडडिव्हाइस, तयार तुकडे वाजवायचे असतील तर पायगेम.

पाय घेणार असाल तर पाहून घ्या: झीरो आणि पाय ५ यांना हेडफोनचा जॅक नाही, पाय ४ ला आहे. मी सरळ यूएसबी साउंड कार्ड लावतो. एकच लावतो. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं, अशी कल्पना सुचते खरी, पण प्रत्येक कार्डाचं घड्याळ आपल्या चालीने चालतं. दहा लाखात ५० इतका फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं आणि झांज दोनदा वाजल्यासारखी ऐकू येते. शिवाय वीज गेली की पायचं मेमरी कार्ड खराब होण्याची भीती. त्या कार्डावर काही लिहिलं जाणार नाही अशी ओव्हरले व्यवस्था पायच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू केल्याशिवाय कोकणात पाय लावू नये असं माझं स्पष्ट मत.

चौथा मार्ग: डीएफप्लेअरचे दोन तुकडे

ध्वनिफाइल वाजवणाऱ्या नखाएवढ्या या मॉड्यूलमध्ये मायक्रो एसडी कार्ड बसतं आणि ३ वॅटचा छोटा अँप्लिफायर असतो, तोही मोनो. म्हणून दोन घ्यायचे, एक संकासुराच्या पाठीमागे, एक विष्णूच्या. इथे स्टिरिओचा प्रश्नच संपतो. वेगळेपणा वायरीत आहे. आर्डुइनो हा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड दोघांना आळीपाळीने बोलायला सांगतो. मॉड्यूलची 'बिझी' पिन आवाज चालू असताना खाली असते, ती वर आली की समोरच्याचं वाक्य संपलं, आता आपण. दोन नटांसारखंच. समोर कोणी आलं की सेन्सर कळवतो आणि संवाद सुरू होतो. वीज आल्यावर दोनेक सेकंदांत सगळं पुन्हा तयार.

आर्डुइनोकडून मॉड्यूलच्या आरएक्स (आज्ञा घेणाऱ्या) पिनकडे जाणाऱ्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर स्पीकर गुणगुणतो. फाइली 'एमपी३' नावाच्या फोल्डरमध्ये चार आकडी नावांनी ठेवा. नुसत्या क्रमांकाने वाजवायला गेलात तर त्या कार्डावर ज्या क्रमाने उतरवल्या त्या क्रमाने येतात, आणि विष्णू आधी मारतो, मग धमकी देतो. या मार्गात दोघांना एका ठेक्यावर धरता येत नाही. संवाद चालेल, समूहगान नाही.

तर निवड कशी करायची? संवाद ठरलेला असेल आणि दिवसभर फिरवायचा असेल तर पहिला मार्ग. त्यापुढे प्रोग्रॅमिंग करणं म्हणजे हौस. समोर माणूस आल्यावरच बोलायचं असेल तर चौथा. आवाज फिरता हवा असेल, किंवा तारकर्लीच्या होमस्टेमधल्या पाहुण्यांना त्यांच्याच फोनवर, इअरफोन लावून ऐकवायचं असेल, तर ब्राउझर. क्लिक तिथे पाहुणाच करतो. पायथन मी फक्त त्यालाच सुचवतो ज्याला ते आधीपासून येतं आणि जो अकरा दिवस घरी आहे.

मार्ग कुठलाही असो, खारी हवा जॅकला सोडत नाही. तांब्यावर हिरवं चढलं की एक बाजू मुकी होते. इअरफोनमध्ये किंवा साध्या छोट्या स्पीकरमध्ये दोन्ही आवाज दोन्हीकडून, पण पातळ येऊ लागले, तर कोड उघडू नका; दोघांची सामाईक अर्थची (ग्राउंडची) वायर सुटलेली असते. जॅकचं टोक डावं, मधलं कडं उजवं, बुडखा अर्थ. आरसीए असेल तर पांढरं डावं, लाल उजवं.

यंदा मी दोन डीएफप्लेअर लावतोय, आणि माटवीमागे जुन्या फोनमध्ये १२७ एमबीची फाइल तयार ठेवलीय. दोन्ही वायरींवर काकीने स्वतः मार्करने लिहिलंय: एकीवर 'देव', दुसरीवर 'राक्षस'.