ट्रेडिंगव्ह्यूवरचे व्हॉल्युम इंडिकेटर : कुठले ठेवावेत, कुठले काढावेत

ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावर फुकटच्या प्लॅनमध्ये एका चार्टवर मोजकेच इंडिकेटर (भाव-व्हॉल्युमवरून काढलेल्या रेषा आणि खांब) बसतात, म्हणून निवड महत्त्वाची. त्याआधी एक तपासा: चार्ट एनएसईचा आहे की बीएसईचा? भाव जवळपास सारखाच दिसतो, पण बहुतेक शेअरची मोठी उलाढाल एनएसईवर होते. बीएसईचा चार्ट उघडा राहिला, तर व्हॉल्युमचं (किती शेअरची खरेदी-विक्री झाली त्याचं) सगळं गणित तोकड्या आकड्यांवर चालतं. निफ्टी हा निर्देशांक, त्याचे थेट सौदे होत नाहीत; म्हणून त्याच्यासाठी चालू महिन्याचं फ्युचर (पुढच्या तारखेच्या सौद्याचा करार) घ्या.

पहिली पसंती व्हीवॅपला, म्हणजे व्हॉल्युमच्या वजनाने काढलेल्या सरासरी भावाला. प्रत्येक कँडलच्या (चार्टवरच्या ठरावीक वेळेच्या एका पट्टीच्या) हाय, लो आणि क्लोजची (शेवटच्या भावाची) सरासरी गुणिले व्हॉल्युम, त्याची बेरीज भागिले एकूण व्हॉल्युम. सकाळी ९:१५ ला हिशेब नव्याने सुरू. पहिली १५ मिनिटं ही रेषा भावाला चिकटून नाचते, तिच्यावर सौदा करू नये. दुपारी दोननंतर उलटं होतं. दिवसभराचा व्हॉल्युम साठल्यामुळे रेषा जेमतेम हलते. कंपनीच्या निकालानंतरची चाल बघायची असेल तर अँकर्ड व्हीवॅप (आपण निवडलेल्या कँडलपासून हिशेब सुरू करणारा) निकालानंतरच्या पहिल्या कँडलला लावा. ते साधन खरंच उत्तम आहे.

साध्या व्हॉल्युमच्या खांबांवरची २० कँडलची सरासरी मात्र इंट्राडेत (एकाच दिवसात मिटणाऱ्या सौद्यांत) फसवते. पाच मिनिटांच्या चार्टवर दिवसाच्या ७५ कँडल होतात. सकाळी ९:२० ला सरासरीत बहुतेक कालच्या दुपारच्या कँडल असतात, त्यामुळे पहिला खांब रोजच उंच दिसतो आणि लोक त्याला ब्रेकआउट (अडलेली पातळी तोडून भाव निघणं) समजतात. उपाय म्हणजे ‘रिलेटिव्ह व्हॉल्युम ॲट टाइम’: तो आजचा व्हॉल्युम मागच्या दिवसांच्या त्याच वेळेशी ताडून बघतो. दुपटीच्या खाली असेल तर ब्रेकआउटवर विश्वास ठेवू नये, असं आमचं मत. खांबांचा रंग मुळात ओपन-क्लोजवरून ठरतो. गॅपडाउन (आदल्या क्लोजच्या बराच खाली) उघडून थोडा सावरलेला शेअर हिरवा खांब दाखवतो. सेटिंगमध्ये आदल्या क्लोजवरून रंग देण्याची खूण करा.

ओबीव्ही (ऑन बॅलन्स व्हॉल्युम: क्लोज वाढला तर कँडलचा व्हॉल्युम मिळवायचा, घटला तर वजा करायचा) छोट्या टाइमफ्रेमवर, म्हणजे थोड्या मिनिटांच्या कँडलवर, लावूच नका. क्लोज ५०० वरून ५००.०५ झाला तरी त्या कँडलचे तीन लाख शेअर सगळेच्या सगळे बेरजेत जातात. डेली चार्टवर ठीक, तिथेही आकडा सोडा, फक्त कल बघा.

व्हॉल्युम प्रोफाइलला (कुठल्या भावाला किती व्हॉल्युम झाला ते दाखवणाऱ्या साधनाला) पैसे मोजावे लागतात. तो प्रत्येक सौद्यावरून बनत नाही, खालच्या टाइमफ्रेमच्या कँडलवरून अंदाजाने बनतो. व्हिजिबल रेंज (स्क्रीनवर दिसेल तेवढाच भाग) घेतलीत तर चार्ट सरकवताच पातळ्या बदलतात. फिक्स्ड रेंज (आपण ठरवलेला भाग) वापरा.

सगळ्यात मोठी उणीव डिलिव्हरीची, म्हणजे त्याच दिवशी सौदा न मिटवता प्रत्यक्ष खात्यात गेलेल्या शेअरची; व्हॉल्युमच्या खांबात ती वेगळी दिसत नाही. ५० लाख व्हॉल्युम आणि १५ टक्के डिलिव्हरी म्हणजे साडेसात लाख शेअर. २० लाख आणि ६० टक्के म्हणजे १२ लाख. चार्टवर पहिलाच खांब मोठा दिसतो. स्विंग ट्रेडिंग करणाऱ्यांनी (काही दिवस शेअर धरून ठेवणाऱ्यांनी) बाजार बंद झाल्यावर एनएसईची डिलिव्हरीची फाईल वेगळी उघडायलाच हवी. ट्रेड-टू-ट्रेडमधले (इंट्राडे सौद्यांना बंदी असलेल्या गटातले) शेअर त्यातून आधी वगळा. तिथे डिलिव्हरी सक्तीचीच असते.