बाटली थंड न करणारा वाइन कूलर

या कूलरवर नाराज असलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: यात बाटली थंडच होत नाही. खरं आहे, होत नाही. तो त्यासाठी बनवलेलाच नाही. स्टीलच्या दोन भिंती, मधे निर्वात पोकळी, वरून उघडा. तत्त्व थर्मासचं. बाटली ज्या तापमानाला आत जाते, त्याच्या आसपास बराच वेळ राहते, एवढंच त्याचं काम. मला व्हाइट वाइनची मनापासून आवड आहे आणि मला नेमकं एवढंच काम करणारी वस्तू हवी होती.

व्हाइट वाइन जितकी गार तितकी चांगली, ही समजूत फार पसरलीय. त्यामुळे बाटली बर्फाच्या बादलीत जाते आणि संपेपर्यंत तिथेच राहते. बादलीतलं पाणी शून्य अंशाच्या जवळ असतं, म्हणजे वाइन गारच होत जाते. थंडीत गंधाचे घटक कमी उडतात, गोडवा दबतो, आंबटपणा आणि कडवटपणा मात्र टोकदार लागतो. हलक्या, साध्या वाइनचं त्यात फारसं बिघडत नाही. चांगल्या वाइनचं बिघडतं.

ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली शार्डने (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन) घेऊन हे तपासा. फ्रीजमधून काढल्या काढल्या, चार-पाच अंशांना, ती नुसती आंबट आणि थोडी लाकडी लागते. तीच अकरा-बारा अंशांवर आली की लोण्याचा वास वर येतो, मग भाजलेल्या बदामाचा, आणि घोट जिभेवर जाडसर पसरतो. लोण्याचा वास काही वरून घातलेला नसतो. दुसऱ्या किण्वनात, म्हणजे आंबण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यात डायअॅसिटिल नावाचं संयुग तयार होतं, त्याचा तो वास. वाइन करणाऱ्याने त्यासाठी घेतलेली सगळी मेहनत पाच अंशांना पेल्यातच अडकून पडते.

मी धरते ती तापमानं अशी: सोव्हिन्यों ब्लां आणि कोरडी रीसलिंग आठ ते दहा, शाब्लीसारखी ओक कमी असलेली शार्डने दहाच्या आसपास, ओकची भारदस्त शार्डने अकरा ते तेरा. फ्रीज साधारण चार अंशांचा, त्यामुळे बाटली थोडी आधी बाहेर काढावीच लागते. हव्या त्या तापमानाला आली की कूलरमध्ये. उकाड्यातही तासाभरात दोन-तीन अंशच चढली. तशीच उघड्यावर ठेवलेली बाटली तेवढ्या वेळात कोमट व्हायला लागते. बाहेरून घाम येत नाही, लेबल भिजत नाही, ओतताना बाटली पुसत बसावं लागत नाही. रोजच्या वापरात हा फायदा मोठा आहे.

सोबत बाटलीला गुंडाळायचा पट्टीचा थर्मामीटर दिलाय, तो मात्र बाजूला ठेवा. तो काचेचं तापमान सांगतो, वाइनचं नव्हे, आणि बाटली नुकतीच फ्रीजबाहेर आली असेल किंवा बर्फातून काढली असेल तर दोन्हींत चांगलाच फरक असतो. साधा सळईचा थर्मामीटर पेल्यात बुडवणं जास्त भरवशाचं.

बाटली मुळात गरम असेल तर हा कूलर काही कामाचा नाही. तेव्हा बादलीच हवी, पण नुसता बर्फ नको. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि काचेला जेमतेम स्पर्श होतो. निम्मा बर्फ, निम्मं पाणी, बाटली मानेपर्यंत बुडलेली; वीसेक मिनिटांत काम होतं. मूठभर मीठ टाकलं तर आणखी लवकर. तिथून काढून पुसून कूलरमध्ये ठेवायची.

थंडीत राहिलेल्या बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर घाबरून वाइन फेकू नका. ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, द्राक्षातलेच, निरुपद्रवी. शेवटचा घोट बाटलीतच ठेवला की झालं.

कूलरचा आणखी एक उपयोग म्हणजे पेला कमी भरता येतो. बाटली गार राहणार आहे म्हटल्यावर घाई नसते. मी एक तृतीयांशच भरते, दांडीला धरते आणि लागेल तशी पुन्हा ओतते. वर मोकळी जागा असली की पेला फिरवता येतो आणि वास तिथे साठतो. चव घेण्यासाठीच्या आयएसओ प्रमाणित पेल्यात तर 215 मिलिलिटर मावत असताना फक्त 50 मिलिलिटर ओततात.

आता उणिवा. सरळ खांद्याच्या बोर्दो बाटलीसाठी माप अचूक आहे. बरगंडीची पोटाशी रुंद बाटली घासत आत जाते आणि लेबलची कड फाटते. रीसलिंगची उंच, निमुळती बाटली बरीच वर राहते, तिथली वाइन आधी कोमट होते. शॅम्पेनची जाड बाटली जातच नाही; शिवाय ती सहा-आठ अंशांना द्यायची, तिला बर्फाची बादलीच योग्य. त्यामुळे मुख्यतः फेसाळ वाइन पिणाऱ्यांनी हा घेऊ नये. बाकीच्यांनी जरूर घ्यावा. पाचपैकी चार तारे. तोंड बोटभर रुंद केलं आणि उंची थोडी वाढवली, तर पाचवाही देईन.